दोन पुंजारामांचे पंधरा प्लॉट

साळूबाई आणि उषाबाई या दोघी जावांचं भांडण मी तुराट्यांच्या कुडाच्या अलीकडं बसून ऐकलं. मुद्दाम ऐकलं नाही. त्यांच्या आणि आमच्या घरात तेवढा एकच कूड होता, आणि दोघींचे आवाज असे की दगडी भिंत असती तरी ऐकू आलं असतं. मी बाजरी निवडत होते. निवडून झाली तरी उठले नाही, हे मात्र खरं.

झालं असं होतं की त्यांचे सासरे पुंजाराम त्या साली चैत्रात वारले, आणि आषाढात दोघींना अकरा दिवसांच्या अंतरानं मुलगे झाले. गेलेल्या आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं ही आमच्याकडची रीत. आता आजोबा एक आणि नातू दोन. थोरली साळूबाई, पण आधी बाळंत झाली धाकटी उषाबाई. पाहुणे दोनदा कुठं बोलवायचे म्हणून दोन्ही बारशी एकाच दिवशी धरलेली.

"नाव थोरल्या घरात जातं," साळूबाई म्हणत होती. "मामंजी जेवायला माझ्याकडं होते, तुझ्याकडं न्हाई."

"जेवले तुझ्याकडं, अन् अंथरूण कुणी धुतलं? शेवटाला मीच धुतलं, एवढं पोट घेऊन. माझं लेकरू आधी आलंय. मामंजीला यायचं ते माझ्या पोटी आले."

"वाट चुकून आले असतील. त्यांला बराबर दिसतच न्हवतं."

यावर उषाबाई रडली, साळूबाईही रडली, पण माघार कोणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी एकाच ओसरीवर दोन पाळणे बांधले. दोघींची नणंद एकच. तिनं आधी या पाळण्यात वाकून नाव सांगितलं, मग त्या पाळण्यात वाकून तेच नाव सांगितलं, घुगऱ्या खाल्ल्या आणि आपल्या गावी निघून गेली.

त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. दोघी जावा गेल्या. माझी सून दैवशाला तेव्हा जन्मलेलीही नव्हती. पण त्या भांडणानं तिचा एक अख्खा उन्हाळा खाल्ला, म्हणून ते आधी सांगितलं.

दैवशाला घनसावंगीकडची. कल्याणशी, म्हणजे माझ्या धाकट्या मुलाशी, लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी झालेली होती आणि वर सहा महिन्यांचा कम्प्युटरचा क्लास. आम्ही तोवर गाव सोडून अंबडला आलो होतो. कल्याणचं इथं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचं दुकान आहे. मोटारी उन्हाळ्यात जळतात, पावसाळ्यात कोणी फिरकत नाही, म्हणून दैवशाला जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत कामाला लागली. कम्प्युटरवर नाही, गोदामात. पिशव्यांना टॅग बांधायचं काम. सात वर्षं उभ्यानं तिनं ते केलं.

एक दिवस मिरचीच्या पिशव्यांना बांधायला टमाट्याचे टॅग आले. बाकीच्या बाया बांधत सुटल्या. ही त्या पिशव्यांवर जाऊन बसली आणि उठेना. सुपरवायझर ओरडला, कामावरून काढायची भाषा केली. ही म्हणाली, काढा, पण आधी पिशवी फोडून बघा. शेवटी वरून हरिओम साहेब आले, पिशवी फोडली, मिरची निघाली. साहेबांनी विचारलं, शिक्षण काय? दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून क्लासचं प्रमाणपत्र काढून ती घेऊन गेली. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. पण साहेबांनी ते घेतलं आणि तिला खुर्ची दिली.

घरातही ती तशीच. चिकट नाही, पण एक गोष्ट दोन ठिकाणी दिसली की तिला चैन पडत नाही. मी मिठाचे दोन डबे ठेवायची, एक चुलीपाशी आणि एक माठापाशी. आल्याच्या पहिल्याच महिन्यात तिनं एक डबा बंद केला. म्हणाली, मीठ दोन जागी असलं की आपण दोन्हीकडं आहे असं समजतो, आणि नेमकं पाहुणे आले की दोन्हीकडं नसतंय. मला राग आला होता. पण तेव्हापासून आमच्या घरात मीठ संपलेलं नाही.

खुर्चीवर बसून ती काय करते ते मला बरेच दिवस कळलं नाही. एवढं माहीत होतं की कंपनी शेतकऱ्यांना नर आणि मादीची रोपं देते. शेतकरी ती जाळीच्या नेटमध्ये लावतात, आणि फुलाफुलाला हातानं पराग लावून बी तयार करतात. गावी असताना मीही चिमटा घेऊन ते काम केलंय. डोळ्यांची खापरं होतात. प्रत्येक प्लॉट बघायला कंपनीचा माणूस चार वेळा येतो आणि वहीत लिहितो. मग बी कंपनीत जातं, तिथं ते ओल्या कागदावर उगवून बघतात. हे सगळं दैवशाला कम्प्युटरात भरायची. साहेबांनी गावाच्या नावावर बोट दाबलं की त्या गावात कोणाचा प्लॉट, पाहणीत काय दिसलं, बी किती उगवलं, हे समोर आलं पाहिजे.

समोर यायचं. फक्त तेरा मिनिटांनी यायचं. तोवर एक गोल फिरत राहायचा.

हे सगळं बांधून ठेवलेलं होतं राजानंद नावाच्या माणसानं. तो नऊ वर्षं त्या खुर्चीवर होता आणि मग पुण्याला गेला. त्याच्या वेळीही तेरा मिनिटं लागायची, पण राजानंद पुरुष आणि वर चष्मा लावणारा, त्यामुळं साहेब म्हणायचे, काम फार गुंतागुंतीचं आहे. दैवशाला बसल्यावर तेच साहेब म्हणायला लागले, ताई, तुम्हाला जमतंय ना?

रविवारी ती कंपनीचा लॅपटॉप घरी आणायची आणि खिडकीपाशी खाटेवर बसायची. मी खाली बसून शेंगा फोडायची. एकदा तिनं मला पडदा दाखवला. चौकटी होत्या आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक चौकट म्हणजे एक तक्ता: शेतकऱ्यांचा, प्लॉटांचा, पाहणीचा, उगवणीचा. राजानंदानं प्रत्येक तक्ता प्रत्येक तक्त्याला जोडला होता, आणि प्रत्येक रेघेला दोन्ही टोकांना बाण.

मी म्हणाले, हे तर मांडवातल्या लायटिंगच्या वायरीसारखं दिसतंय.

"वायर असती तर एकदाच शॉक देऊन मोकळी झाली असती," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आत्याबाई, एका घराचे दहा वावरं असले तर चालतंय ना?"

"चालतंय. माज येतो, पण चालतंय."

"अन् एका वावराला दहा घरं मालक म्हणून आले तर?"

"मंग कोर्ट."

"हेच. हा कम्प्युटर तेरा मिनिटं कोर्टात उभा राहून राह्यलाय."

बाणाचंही तिनं सांगितलं. पाटाचं पाणी वावरात जातं, ते उतारानं आपसूक जातं. वावरातलं पाणी परत पाटात चढवायचं म्हटलं की मोटार लावावी लागते. राजानंदानं सगळीकडं दोन्ही बाजूंनी पाणी सोडलं होतं, आणि वर प्रत्येक वावराला चार-चार दारं. कोणतं पाणी कुठून आलं हे बघता बघता यंत्राचा जीव जायचा. तिचं म्हणणं एवढंच होतं की घरावरून प्लॉट, आणि प्लॉटावरून पाहणी आणि उगवण. पाहणीला घराकडं जायची वेगळी वाट नको. आणि प्रत्येक तक्त्यात वेगळ्या तारखा कशाला? घरात भिंतीवर एकच कॅलेंडर असतं, सगळे तेच बघतात.

सांगायला सोपं होतं. मला कळलं म्हणजे बघा.

एप्रिलमध्ये साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की जूनच्या पहिल्या शुक्रवारी हैद्राबादच्या मोठ्या ऑफिसातले लोक येणार आहेत. त्यांच्यासमोर रिपोर्ट अर्ध्या मिनिटात उघडला पाहिजे. उघडला नाही तर हे सगळं काम ते हैद्राबादला घेऊन जातील, आणि मग जालन्यात या खुर्चीचं काही काम उरणार नाही. "तुमची गोदामातली जागा तर आहेच," असं साहेब वर म्हणाले. ती दिलासा द्यायची त्यांची रीत.

ती घरी आली, चपला काढल्या आणि हात न धुता भाकरीच्या पिठाला लागली. भाकरी एवढी जोरात थापत होती की शेजारची मुलगी डोकावून गेली.

मग सुरू झाला तिचा उन्हाळा. आधी तिनं नको ते रकाने काढून टाकले. राजानंदानं शेतकऱ्याच्या बैलांची संख्याही ठेवली होती. तेराची अकरा मिनिटं झाली. मग साहेबांनी नवीन कम्प्युटर मागवला, त्याचा गाजावाजा केला, नारळ फोडला. अकराची दहा झाली. साहेब म्हणाले, बघा, मशीनचाच प्रॉब्लेम होता. दैवशाला म्हणाली, सर, मशीन चांगलं आहे, म्हणून ते आता जल्दी गोंधळतंय. साहेबांना ते आवडलं नाही.

मग तिनं बाण एकतर्फी केले. सहा मिनिटं. ती खूश होऊन घरी आली, येताना टरबूज आणलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाहणीवर बोट दाबून शेतकऱ्यांची यादी गाळायला बघितली. गळेना. सगळेच शेतकरी दिसायला लागले. आधी व्हायचं ते आता का होत नाही, म्हणून त्यांनी आरडाओरडा केला. तिनं समजावलं की तुम्हाला पाहिजे ते दुसऱ्या रीतीनं काढून देते, एक दिवस द्या. ते म्हणाले, एक दिवस कशाला, बाण परत लावा. लावले. परत दहा मिनिटं. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, आत्याबाई, मला दुसऱ्याचा गुंता सोडवायचा पगार मिळत न्हाई, तो राखायचा मिळतोय.

मे महिन्यात एका रविवारी ती आमच्याच गावाची यादी उघडून बसली होती. माझ्या शेंगा अर्ध्यावर आल्या होत्या. ती यादी वरखाली सरकवत होती. मग म्हणाली, "आत्याबाई, आपल्या गावात पुंजाराम किती?"

"जिते का मेलेले?"

तिनं लॅपटॉपवरून डोकं वर केलं. मी सांगितलं, जिते दोन, साळूबाईचा आणि उषाबाईचा. मेलेला एक, त्यांचा आजोबा. पण तो मेलेला पुंजाराम सातबाऱ्यावर अजून शेती करतो, कारण वारसाची नोंद कोणी लावलीच नाही. नोंद लावायची तर कोणाचं नाव आधी, यावर दोन्ही घरं अडली होती.

"म्हणजे कंपनीच्या यादीत तिघं," ती म्हणाली.

"मेलेला कसा गेला कंपनीत?"

"सातबाऱ्यावरून. कागदावर जे नाव दिसलं ते भरलं." तिनं बोटावर मोजलं. "दोघांचे दोन-दोन, अन् आजोबाच्या नावावरचा एक. पाच प्लॉट. अन् हे मला पंधरा दाखवून राह्यलंय."

मला वाटलं आता ती आनंदानं उडी मारेल, सापडलं म्हणून. ती रडायलाच आली. राजानंदानं प्लॉट आणि शेतकरी यांची गाठ नावानं मारली होती. गाव आणि नाव. तीन पुंजाराम म्हणजे प्रत्येक प्लॉट तिघांच्या दारात जायचा, मालक कोण म्हणून विचारायचा. एका प्लॉटाच्या चार पाहण्या, त्या परत तिघांकडं. उगवणीचा तक्ताही नावानंच बांधलेला, तिथं परत गुणाकार. आणि हे काही एका घराचं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात कोणत्या घरात आजोबाचं नाव नातवाला नाही? तिनं संध्याकाळपर्यंत मोजलं. एकोणीसशे शेतकऱ्यांत दोनशे बारा नावं अशी, की एकाच गावात दोन किंवा तीन वेळा.

"सगळ्या जिल्ह्याला दुसरं नाव सुचलं न्हाई का हो?" ती म्हणाली.

मी काय सांगणार? माझ्या थोरल्या मुलाचं नाव आदिनाथ, माझ्या सासऱ्याचं आदिनाथ, आणि चुलत दिराच्या मुलाचंही आदिनाथ. मी शेंगांचं टोपलं घेऊन आत गेले.

साहेबांना तिनं हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, बापाचं नाव लावा, झालं. पण वह्यांमध्ये बापाचं नाव होतं कुठं? पाहणीचा माणूस उन्हात उभा राहून लिहितो. तोंडाला येईल ते लिहितो. "विहिरीवाला पुंजाराम." "टोपीवाला पुंजाराम." एका वहीत तर "रागीट पुंजाराम" असं होतं. दोघंही रागीट आहेत. मी त्यांना पाळण्यात असल्यापासून ओळखते, माझा काही उपयोग झाला नाही.

मग तिनं ठरवलं की नाव बाजूला. माणसाला एक नंबर, प्लॉटाला एक नंबर, आणि एक नंबर एकदाच. तक्त्यांच्या गाठी नंबरानं मारायच्या. नाव फक्त शेतकऱ्याच्या तक्त्यात, एका जागी. हे कम्प्युटरात करायला तिला चार दिवस लागले. पण नंबर कम्प्युटरात राहून उपयोग नाही, ते वहीत आले पाहिजेत, आणि वहीत यायचे तर वावरात दिसले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक नेटवर पाटी: वर माणसाचा नंबर, खाली प्लॉटाचा. साहेबांनी पत्र्याच्या पाट्यांना होकार दिला, माणसं मात्र दिली नाहीत. पाहणीचे लोक म्हणाले, आम्हाला सगळे प्लॉट तोंडपाठ आहेत, ताई, तुम्ही खुर्चीवरून काय सांगता? कल्याणनं दुकान बंद ठेवून आमच्या भागाच्या पाट्यांवर आकडे रंगवले. एक पाटी त्यानं उलटी रंगवली. ती तिनं परत रंगवून घेतली, आणि त्या दिवशी दोघं जेवताना बोलले नाहीत.

आमच्या गावच्या पाट्या लावायला ती स्वतः गेली. मला बरोबर नेलं, ओळखीच्या म्हणून. साळूबाईचा पुंजाराम नेटच्या तोंडाशी उभा होता. त्याला अकराशे बेचाळीस नंबर आलेला. पलीकडं उषाबाईच्या पुंजारामाच्या नेटवर अकराशे एक्केचाळीस लागलेला त्यानं आधीच बघितला होता.

"वहिनी, त्याचा नंबर माझ्या आधी कसा?"

"भाऊजी, नंबराला आधी-नंतर काही नसतंय. नुसती खूण हाय."

"काही नसतंय ना? मंग तो मला दे अन् माझा त्याला."

दैवशालानं हातातली यादी परत बघितली. एवढं सरळ बोलणं तिला साहेबांकडूनही ऐकायला मिळालं नव्हतं. तेवढ्यात पलीकडून दुसरा पुंजाराम आला. आल्याआल्या त्यानं मी अकरा दिवसांनी मोठा आहे म्हणून सांगितलं. पंचेचाळीस वर्षांचे दोन बाप्ये, एकाच्या हातात खुरपं, एकाच्या हातात पाटी. मला कुडाच्या अलीकडं बसल्यासारखं वाटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, सोडवा म्हणून. मी म्हणाले, बाई, यांच्या आया होत्या तेव्हा मी सोडवलं नाही, आता काय सोडवणार.

शेवटी तिनं पिशवीतून एक कोरी पाटी काढली, यादीच्या शेवटचा नंबर बघितला आणि त्याच्या पुढचा लिहिला: एकोणीसशे सात. साळूबाईच्या पुंजारामाला दिली. त्यानं आकडा वाचला, परत वाचला.

"हा मोठा हाय."

"सगळ्यात मोठा."

"मोठ्या घराला मोठाच पाहिजे," तो म्हणाला आणि स्वतः खिळा ठोकला. दुसऱ्याला आधीचा नंबर मिळाला म्हणून तोही एकदम खूश. आजोबाच्या नावावरचा प्लॉट यंदा कोण करतंय ते विचारून तिनं त्याच्या नंबरावर टाकला. येताना जीपमध्ये ती पूर्ण वेळ कुरकुर करत होती की अकराशे बेचाळीस आता रिकामा राहणार. मी म्हटलं, राहू दे की. ती म्हणाली, राहू दे कसं? बघणारा विचारील, हा माणूस कुठं गेला म्हणून.

बाकी गावांत काय काय झालं ते तिनं सगळं सांगितलं नाही. एका गावात पाटी म्हशीच्या गोठ्याला लावली होती, कारण गोठा नवीन होता आणि पाटी शोभत होती. एका ठिकाणी पाहणीच्या माणसानं रागानं वहीत सगळीकडं एकच नंबर लिहून ठेवला. ती वही तिनं त्याच्यासमोर बसून परत लिहून घेतली. दोन दुपारी गेल्या. तिचं वजन उतरलं, आणि माझं बीपी वाढलं, असं डॉक्टर म्हणाले.

शुक्रवार आला. हैद्राबादचे तिघं जण होते. साहेबांनी गावाच्या नावावर बोट दाबलं आणि सवयीनं चहा घ्यायला वळले. नऊ सेकंदांत रिपोर्ट उघडला. साहेबांचा कप अजून बशीतच होता. त्यांनी दुसरं गाव दाबलं, तिसरं दाबलं. आमच्या गावात पुंजारामांचे पाचाचे पाच प्लॉट. हैद्राबादच्या एका साहेबानं पुढं वाकून चौकटी आणि रेघा बघितल्या. थोड्याच रेघा होत्या, सगळ्या एका दिशेच्या. तो हिंदीत म्हणाला, एकदम साफ काम आहे, कोणी केलं? हरिओम साहेब म्हणाले, आमच्या टीमनं.

सोमवारी तिला बोलावणं आलं. तिला वाटलं शाबासकी. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. हैद्राबादच्या लोकांचं म्हणणं असं पडलं की एवढं सोपं झालेलं आहे तर आता हे त्यांच्याकडूनच चालवता येईल, जालन्यात वेगळा माणूस ठेवायची गरज नाही. एक जुलैपासून काम तिकडं. तिनं गोदामात टॅगवर देखरेख करायची. साहेब म्हणाले, तिथं आता उभं राहायचं नाही, ताई, तुम्हाला खुर्ची देऊ.

घरी येऊन तिनं हे सगळं एका दमात सांगितलं. कल्याण म्हणाला, मंग चार रेघा परत लावून दे ना तशाच, फिरू दे त्यांचा गोल. त्याचं म्हणणं मलाही पटलं होतं. राजानंदानं नऊ वर्षं गुंता करून खुर्ची राखली, हिनं दोन महिन्यांत सोडवून घालवली. शहाणं कोण?

दैवशालानं नवऱ्याकडं बघितलं. "तुम्ही मोटार भरता तेव्हा मुद्दाम एखादा वेढा कच्चा ठेवता का? परत यावी म्हणून?"

ठेवत नाही तो.

"मंग मला कशाला सांगता?" ती म्हणाली. आणि मग हळूच, भांडी आवरता आवरता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "राग त्याचा न्हाई, आत्याबाई. नऊ सेकंद कुणी मोजलेच न्हाईत. गेल्या साली तेरा मिनिटं सगळे मोजत होते."

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं.

जूनचा शेवटचा शनिवार. पाहणीच्या वह्या दर शनिवारी घनसावंगीहून येतात. इजहार नावाचा जीपवाला आहे, तो गठ्ठा आपल्या सीटखाली ठेवून आणतो आणि अंबडच्या स्टँडवर दैवशालाच्या हातात देतो. ती मोजते, बघते आणि जालन्याच्या गाडीनं ऑफिसला घेऊन जाते. माझी चप्पल तुटली होती, म्हणून मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. वाटेत मी म्हटलं, सोमवारपासून हे तुझं काम नाही, आज गठ्ठा तसाच घेऊन जा, उघडू नको. ती हूं म्हणाली.

इजहारनं गठ्ठा दिला. म्हणाला, भाभी, आजच्या वह्या ओल्या झाल्यात थोड्या, वरून पाण्याचा कॅन सांडला. तिनं सुतळी सोडली, रसवंतीच्या बाकावर वह्या मांडल्या आणि मोजल्या. चौदा. मग एक-एक उघडून पानं चाळली. नवव्या वहीत एका पानावर नुसतं नाव होतं, नंबर नव्हता. तिनं पाहणीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ताई, आठवत नाही, सोमवारी बघतो.

"सोमवारी न्हाई. आता कुठं आहात?"

तो वावराच्या जवळच होता, पण ऊन होतं. ती म्हणाली, मी थांबते. फोन कानाला धरून ती थांबली. जालन्याची एक गाडी लागली आणि सुटली. इजहारची जीप भरली, तोही गेला. मी चप्पल शिवून घेऊन परत आले तरी ती तशीच उभी. शेवटी त्या माणसानं पाटीवरचा आकडा वाचून सांगितला. तिनं तो परत म्हणून दाखवला, पेन्सिलीनं वहीत लिहिला, खाली तारीख टाकली. ओलं पान फाटू नये म्हणून मध्ये कोरा कागद घातला. वह्या सरळ केल्या, सुतळी बांधली, गाठ दोनदा मारली.

दुसरी गाडी लागली. ती चढली, खिडकीपाशी बसली, गठ्ठा मांडीवर घेतला. कंडक्टर आला. "एक हाफ, जालना," ती म्हणाली.